आवाज बंद करून

सोमवार, ४ मार्च

आज मशीनवाल्याने चहा पाजला, पण बिस्किटं पुढे केली नाहीत. तेव्हाच ओळखलं, गाडी घसरलीये.

मशीनवाला म्हणजे कानाच्या मशिनी विकणारं माझं सध्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. ऐकू कमी येणाऱ्यांनी कानामागे लावायची ती बारीक यंत्रं. त्याच्यासाठी मी दोन व्हिडिओ लिहिले आणि दोन्ही आपटले. एकात पांढऱ्या कोटातले डॉक्टर होते, दुसऱ्यात हसरी आजी. लोकांनी डोळ्यांची उघडझाप करायच्या आत दोघांना अंगठ्याने वर ढकलून दिलं.

"साहेब, तुमचं नाव ऐकून आलो होतो," तो म्हणाला. 'होतो'वर जरा जोर होता. असला जोर माझ्या कानांतून निसटत नाही.

तिसरा चालला नाही तर काम दुसऱ्याकडे जाणार. हे त्याने सांगितलं नाही, फक्त बिस्किटांच्या पुड्याला रबर लावून तो खणात टाकला.

बाहेर आलो आणि स्वतःचीच लाज वाटली. मी काही शिकून हा धंदा करत नाही. फूटपाथवर भोंगा लावून चाकू विकायचो. तिथे एकच गोष्ट शिकलो: चालता माणूस थांबवायचा असेल तर त्याला त्याचीच गोष्ट सांगायची. 'चाकू घ्या' म्हटलं की कुणी बघत नाही. 'ताई, घरातला चाकू टोमॅटोवर घसरतो ना?' म्हटलं की पाऊल अडतं, कारण सगळ्यांचाच घसरतो. आज कॅमेरे आले, दिवे आले, व्हिडिओ जोडणारी चष्मिश आली, पण विद्या तीच. बसमध्ये, बँकेत, दवाखान्याच्या बाकावर मी कान टाकून बसतो आणि लोकांच्या तोंडची वाक्यं उचलतो. चष्मिश त्याला चोरी म्हणते. मी अभ्यास म्हणतो.

या मशिनींची अडचण अशी की ज्याला ऐकू येत नाही त्याला वाटतं, ही जाहिरात दुसऱ्या कुणासाठी आहे. तो मान डोलावतो, इतर हसले की हसतो आणि दिवस ढकलतो. ते सोंग दाखवायला हवं. पण खरं सोंग बघितल्याशिवाय लिहायचं कसं? असा माणूस मी आणू कुठून? आमच्या घरात तर सगळ्यांचे कान सशाचे.


बुधवार, ६ मार्च

हे लिहू की नको, असं करत बराच वेळ पेन हातात धरून बसलो होतो.

केस वाढले होते म्हणून दुपारी दादाच्या दुकानात गेलो. दुकान वडिलांचं. ते गेल्यावर दादाने कात्री घेतली आणि मी तोंड घेतलं, असं वहिनी म्हणते. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, मागे बाक. बाकावर बसलेल्यांचे चेहरेसुद्धा आरशात दिसतात. दादा कापतो कात्रीने, पण नजर सारखी आरशावर. जुन्या कारागिरांना असते तशी सवय.

गल्लीतली निम्मी गुपितं त्या खुर्चीत सांडलेली आहेत. कुणाची सून नांदत नाही, कुणाचा मुलगा नोकरी सुटल्याचं घरी सांगत नाही. दादा मध्ये बोलत नाही, सल्ला देत नाही. शेवटी फक्त मान हलवून म्हणतो, "चालायचंच." इतक्या वर्षांत त्या खुर्चीतली एक गोष्ट गल्लीत फुटलेली नाही. लोक दाढीसाठी कमी आणि त्या 'चालायचंच'साठी जास्त येतात.

आज खुर्चीत मास्तर होते. शाळेतून निवृत्त झालेले, दर आठवड्याचे. गुडघ्याचं पुराण चालू होतं. उन्हासाठी शटर अर्ध्यावर ओढलं होतं, त्यात वीज गेली. गुहाच झाली एकदम. दादाची कात्री थांबली. मास्तर मात्र बोलतच होते.

मी म्हटलं, "दादा, टॉर्च कुठे आहे?"

काही नाही.

मोठ्याने म्हटलं, "दादा! टॉर्च!"

काही नाही. माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता तो.

"विचारात असेल," मास्तर हसले.

वीज आली. दादाने डोळे मिचकावले, आरशात बघितलं आणि म्हणाला, "हं, मास्तर, काय म्हणत होतात?" मास्तरांनी गुडघा पुन्हा पहिल्यापासून सांगितला. दादाने मान हलवली. "चालायचंच."

मग मी लक्ष ठेवलं. वहिनीने मागच्या दारातून हाक मारली, त्याने वळून बघितलं नाही. ती येऊन खांद्याला हात लावून गेली. रस्त्यावर ट्रकने कर्कश हॉर्न दिला, मी दचकलो, दादाच्या हातातला वस्तरा हललासुद्धा नाही.

म्हणजे याला काहीच ऐकू येत नाही. गल्लीने आपली दुःखं ओतली आणि ती सगळी पालथ्या घड्यावर पाणी!

घरी येताना मला हसू आलं. रस्त्यात एकटाच हसलो, आणि मग थांबलो. माणसाच्या नुसत्या 'होतो'वरून मी त्याच्या मनातलं ओळखतो, आणि सख्ख्या भावाचे कान गेलेले मला कळायला वीज जावी लागली.

पण खरी लाज पुढची आहे. पुढच्या चौकात पोचेपर्यंत व्हिडिओचं पहिलं वाक्य माझ्या डोक्यात तयार होतं.


शनिवार, ९ मार्च

लिहिला. एका बैठकीत.

आमची पद्धत साधी. कागदाच्या मधोमध रेघ ओढायची, डावीकडे काय दिसणार ते आणि उजवीकडे काय ऐकू येणार ते लिहायचं. पहिल्या तीन सेकंदांत माणूस अडकला पाहिजे, मग हसला पाहिजे, मग ते हसू त्याला टोचलं पाहिजे, आणि टोचलेल्या जागी आपला माल ठेवायचा.

न्हाव्याचा शिंपी केला. आरसा काढला, टेप आणली. गाव, वय, कपडे सगळं बदललं. आता कुणाच्या बापालाही कळणार नाही. शिंपी माप घेतो, गिऱ्हाईक म्हणतं, "माझं लग्न ठरलं." शिंपी तोंडात टाचण्या धरून म्हणतो, "चालायचंच." दुसरा म्हणतो, "घरी चोरी झाली." "चालायचंच." तिसरा ओरडतो, "अहो, तुमच्या दुकानाला आग लागलीये!" "चालायचंच." इथे माणूस हसणारच. मग शेवटी त्याची नात येते. चिमुरडी. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'आजोबा' म्हणते. तो मान हलवतो. "चालायचंच." कॅमेरा पोरीच्या चेहऱ्यावर थांबतो. दुसरा आवाज नाही. मग मशीन.

चष्मिशने वाचलं, चष्मा काढून डोळे पुसले. "सर, कुठून आणलंत हे?"

"सुचलं."

"तुम्हाला काही सुचत नाही सर, तुम्हाला ऐकू येतं. कोण आहे हा?"

"सांगितलं ना, सुचलं."

मी तिला सहज म्हटलं, ते 'चालायचंच' बदलून बघू. 'असं का?' घालून बघितलं, 'होतं असं' घालून बघितलं. मिठाशिवाय आमटी. तीच म्हणाली, "सर, शब्द नका बदलू. सगळा जीव त्यात आहे."

मला ते आधीच माहीत होतं. मी बदलायचा प्रयत्न केला हे कुणीतरी बघावं, एवढंच मला हवं होतं.


गुरुवार, १४ मार्च

चित्रीकरण झालं. शिंप्याचं काम करणारा नट चांगला होता, फक्त 'चालायचंच' फार नाटकी म्हणत होता. मी म्हटलं, "असं नाही. मान आधी, शब्द नंतर. आणि शब्द संपताना डोळे खाली." करून दाखवलं. सगळे थक्क.

"वा साहेब, तुम्हीच का करत नाही?" नट म्हणाला.

मी हसलो. कान तापले होते. दिव्यांमुळे असेल.


मंगळवार, १९ मार्च

वणवा पेटला. मशीनवाल्याचा फोन आला, त्याच्या दुकानाबाहेर लोक उभे आहेत, आत बसायला जागा नाही. व्हिडिओखाली लोक लिहितात, 'आमचे बाबा', 'आमची आई', 'आज आईला घेऊन जातोय.' एकाने लिहिलं, 'हसता हसता रडलो.' धंद्यात याहून मोठी पावती नाही.

घरी हिला दाखवला. आगीच्या वेळी ही खदखदून हसली. नात आली तेव्हा हसणं थांबलं. पण पोरीसाठी थांबलं नव्हतं, ते मला कळायला वेळ लागला.

"अहो," ती म्हणाली, "दादांना विचारलंत?"

"दादाचा काय संबंध? हा शिंपी आहे."

तिने फोन माझ्या हातात ठेवला, पालथा. "बरं. शिंपी तर शिंपी."

नंतर जेवताना ती माझ्याशी फक्त 'भात वाढू?' एवढंच बोलली.


शनिवार, २३ मार्च

दादाच्या दुकानावरून गेलो. कॉलेजची तीन-चार टाळकी दारात डोकं घालून "चालायचंच!" असं ओरडली आणि पळाली. दादाने त्यांना हात केला. हसला. बिचाऱ्याला वाटलं असेल, नमस्कार करतायत.

आत जाऊन बसलो. दुसरी खुर्ची रिकामी, बाकही रिकामा. शनिवारी असं कधी नसतं. मी तोंड त्याच्याकडे करून हळू विचारलं, "आज गर्दी नाही?"

"ऊन आहे," तो म्हणाला. अंदाजाने ठोकलं असेल.

एक गिऱ्हाईक आलं, गप्प बसलं, केस कापून गप्प गेलं. मी निरीक्षण करत होतो. दादाने आज एकदाही 'चालायचंच' म्हटलं नाही. गिऱ्हाईक काही बोललंच नाही म्हणून असेल. योगायोग.

त्याला कळलेलं नाही, हेच नशीब. फोनवर तो काही बघत नाही, आणि बघितलं तरी ऐकू थोडंच येणार आहे!

(वरची ओळ खोडावीशी वाटतेय. राहू दे. असा विचार करणारा माणूस आहे मी, हे कुठेतरी लिहिलेलं असावं.)


मंगळवार, २६ मार्च

आज जे झालं ते बघायला मी तिथे नसतो तर बरं झालं असतं. आणि तिथे असायलाच हवं होतं, असंही वाटतं.

मास्तर आले. खुर्चीत बसले नाहीत. दारातच उभे. त्यांच्या हातात फोन होता. बाकावर मी आणि आणखी दोन माणसं.

"एकच विचारतो," मास्तर म्हणाले. "माझी बायको गेली त्या आठवड्यात मी इथे बसून तुला जे सांगितलं, ते मी पोटच्या पोरांना सांगितलेलं नाही. तू ऐकलंस का?"

दादा आरशात बघत उभा होता.

"का मी तेव्हापासून एका मान डोलावणाऱ्या बाहुल्याशी बोलतोय? सांग ना! काय सांगितलं होतं मी? एक शब्द सांग, मी पाय धरतो तुझे!"

दादाने तोंड उघडलं. मग बाकाकडे बघितलं. आमच्याकडे. तोंड मिटलं.

"नाही ना सांगता येत?" मास्तर म्हणाले. "मग म्हण तुझं ते. चालायचंच म्हण."

ते गेले. दोघांतला एक उठून त्यांच्यामागे गेला. दादाने खुर्चीवरचं कापड झटकलं. त्यावर एक केस नव्हता.

कसा सांगणार तो? ऐकलं असेल तर सांगेल ना!


शुक्रवार, २९ मार्च

वहिनी घरी आली. दार मीच उघडलं. चप्पल न काढता उंबऱ्याच्या आत आली, तेव्हाच कळलं, पाहुणी म्हणून आलेली नाही.

"भावोजी, व्हिडिओ छान झालाय."

मी म्हटलं, "वहिनी, तो शिंपी..."

"तुमच्या कानांचं कौतुक ऐकून ऐकून आम्हीच बहिरे व्हायची वेळ आली होती. आता तुम्ही ऐका जरा."

ही आतून आली आणि माझ्या शेजारी न बसता वहिनीशेजारी बसली.

वहिनी सांगत गेली. कान गेले ते हळूहळू. आधी पक्षी गेले, मग फोन, मग माणसं. मशीन आणलं होतं, फार आधीच, आमच्या मशीनवाल्याकडचंच. दादाने ते चार दिवस लावलं. "लोकांना ते दिसलं की ती ओरडून बोलायला लागली. हे म्हणाले, गुपित ओरडून सांगता येतं का? म्हणून काढून कपाटात ठेवलं. आणि शिकले."

"काय शिकला?"

वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा भोंगा घेऊन फूटपाथवर उभा असल्यासारखं वाटलं. "आरशात कशाला बघतात हे? स्वतःचं तोंड बघायला? ओठ बघतात, भावोजी. खुर्चीतल्याचे आणि बाकावरच्यांचेही. अंधार झाला की मात्र बहिरे."

आरशावरची ती नजर मला जुन्या कारागिराची सवय वाटली होती.

"मास्तरांची बायको गेली त्या आठवड्यात हे घरी येऊन जेवले नाहीत. दोन दिवस. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, दुकानातलं आहे. मला आजवर माहीत नाही, काय ते."

"मग परवा त्याने सांगितलं का नाही? एक शब्द सांगितला असता तर..."

"तुम्ही होतात ना बाकावर," वहिनी म्हणाली.

जाताना दारात थांबली. "त्यांनी बघितलाय तुमचा व्हिडिओ. पहिल्याच दिवशी. कुणीतरी हातात फोन दिला. आवाज बंद करून बघितला, त्यांना काय फरक पडतो! नटाचे ओठ बघून म्हणाले, हे माझं आहे. मग म्हणाले, लिहिलंय चांगलं."

ती गेल्यावर ही स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. मी जमिनीकडे बघत बसलो. शिव्या दिल्या असत्या तर बरं. 'लिहिलंय चांगलं!'


मंगळवार, २ एप्रिल

मशीनवाल्याकडे गेलो, व्हिडिओ काढून टाका म्हणालो. त्याला वाटलं मी जास्त मागतोय.

"साहेब, काल एक आजी आली. मशीन लावलं आणि मुलाने नुसतं 'आई' म्हटलं. दुकानातल्या सगळ्यांनी डोळे पुसले. आणि तुम्ही म्हणता काढा?" मग त्याने समजावलं, काढून उपयोग नाही, लोकांनी उतरवून घेऊन एकमेकांना पाठवलाय. बाण सुटलाय.

आज बिस्किटं होती. दोन प्रकारची. मी एक घेतलं, तोंडात घोळत राहिलं.

त्या आजीचं खोटं आहे असं नाही, हीच पंचाईत. नुसतं वाईट केलं असतं तर माफी मागून मोकळा झालो असतो.

दादाचं दुकान तीन दिवस बंद आहे.


गुरुवार, ४ एप्रिल

उपाय सापडला असं वाटलं होतं. दुसरा व्हिडिओ! या वेळी खरा. बहिरा न्हावी जो ऐकत नाही, बघतो. गल्ली परत येईल, मास्तर येतील, सगळे येतील. सकाळी चष्मिशला नुसतं तोंडी सांगितलं तर ती उभीच राहिली. "सर, हा पहिल्याहून भारी आहे!" आणि मला आनंद झाला. झाला, हे लिहून ठेवतो.

दादाच्या घरी गेलो. तो पायरीवर बसून वस्तऱ्याला धार लावत होता. दुकान बंद, पण धार रोज. मी समोर बसलो, चेहरा उजेडात येईल असा, आणि सगळं सांगितलं. शिंपी, मशीनवाला, सगळं. शेवटी माफी मागितली. माझे ओठ नीट हलत नव्हते, त्याला मध्ये दोनदा हाताने खूण करून पुन्हा म्हणायला सांगावं लागलं. माफी पुन्हा सांगायची म्हणजे काय असतं, ते मला आज कळलं.

मग मी दुसऱ्या व्हिडिओचं सांगितलं.

तो बराच वेळ दगडावर वस्तरा फिरवत होता. "लोकांना कळलं मी ओठ वाचतो, तर काय होईल?"

"तुझी इज्जत परत येईल."

"खुर्चीतला तोंडावर हात धरेल. बाकावरचा मान खाली घालेल. रस्त्यावरून जाणारासुद्धा तोंड फिरवेल." वस्तरा त्याने उजेडात धरून बघितला. "बहिरा म्हणून येणार नाहीत ते परवडलं. चोर म्हणून नको."

"पण मास्तर? त्यांना तरी..."

"मास्तरांचं मास्तरांपाशी."

"दादा, मग मी करू तरी काय?"

तो हसला. लहानपणी मी पाटी फोडून घरी यायचो तेव्हा हसायचा तसा. "काही करायलाच पाहिजे का तुला?"


रविवार, ७ एप्रिल

मास्तरांकडे गेलो. काय बोलणार ते ठरवलं नव्हतं. गेल्या कित्येक वर्षांत न ठरवता तोंड उघडल्याचं आठवत नाही.

पुस्तकांनी भरलेली लहान खोली. त्यांनी पाणी दिलं, बस म्हणाले नाहीत.

"मास्तर, तो व्हिडिओ मी लिहिला. भावाचा शब्द चोरला. बाकी सगळं माझ्या डोक्यातलं."

"म्हणजे त्याला ऐकू येतं?"

काय सांगू? हो म्हणालो तर खोटं, नाही म्हणालो तर दादा संपला, आणि खरं सांगायची दादाची परवानगी नाही. लोकांना पटवण्यावर माझं पोट चालतं, आणि आज माझ्याकडे पटवायला एक वाक्य नव्हतं.

"तुमचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलेलं आहे," एवढंच म्हणालो.

"कशावरून? काय पोचलं? सांग."

"मला माहीत नाही."

"त्याने तुला सांगितलं नाही?"

"नाही."

"तुझ्या वहिनीला?"

"तिलाही नाही. तिला एवढंच माहीत आहे की तुमच्या घरच्या त्या आठवड्यात तो दोन दिवस जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, दुकानातलं आहे."

मास्तर खुर्चीत बसले. मग बऱ्याच वेळाने मलाही बस म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, धोतराला... नाही, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला.

"दोन दिवस," ते म्हणाले.

"हो."

"त्या दिवशी बाकावर तू होतास. आणखी दोघं होते. आणि मी म्हणत होतो, एक शब्द सांग." त्यांनी हातांनी तोंड झाकलं. "अरे देवा. त्याने सांगितलं असतं तर?"

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनाही लाज वाटत होती. आणि तीही मीच पिकवलेली.


रविवार, १४ एप्रिल

दुकान उघडलं. मास्तर स्वतः जाऊन दादाला बोलावून आले, असं वहिनीने हिला सांगितलं. काय बोलले, कुणास ठाऊक. मास्तर आले म्हटल्यावर दोघं-तिघं आले. दोघं-तिघं आले म्हटल्यावर गल्ली आली. लोकांच्या आधी कुणीतरी जावं लागतं, हे मला धंद्यातून माहीत आहे.

मी दहाच्या सुमारास गेलो. बाहेरूनच गप्पांचा आवाज येत होता, बाक भरलेला होता. आनंदाने आत पाऊल टाकलं.

गप्पा थांबल्या.

हळूहळू नाही. पंखा बंद केल्यासारख्या. व्हिडिओ माझा, हे एव्हाना गल्लीभर झालेलं दिसत होतं. खुर्चीतला माणूस आरशात माझ्याकडे बघत होता. एकाने वर्तमानपत्र उघडलं. मास्तर बाकावर सरकले, मला जागा केली, पण तेही बोलेनात. मी हवेवर काहीतरी बोललो. कुणीतरी "हो ना" म्हणालं. पुन्हा शांतता. मी बसलो होतो तोवर दुकानात फक्त कात्री वाजत होती, आणि ती एकट्या दादालाच ऐकू येत नव्हती.

दादाने आरशात सगळ्यांचे मिटलेले ओठ बघितले. कात्री ठेवली. माझ्याजवळ येऊन खांद्यावर हात ठेवला आणि मला बाहेर पायरीपर्यंत आणलं.

"तुझे केस मी घरी येऊन कापत जाईन," तो म्हणाला.

आजारी माणसाचे कापतो तसे. अंथरुणावरून उठता येत नाही त्यांचे.

"बरं," मी म्हटलं.

घरी येताना मागे दुकानातल्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या. चौकापर्यंत ऐकू येत होत्या. शब्द कळू नयेत म्हणून मी पटपट चाललो.


रविवार, २१ एप्रिल

शब्दाप्रमाणे आला. पिशवीत कापड, कात्री, फणी. हिने बाहेरच्या खोलीत खुर्ची ठेवली होती, पण तो गॅलरीत म्हणाला, केस झाडायला बरं. खुर्चीचं तोंड त्याने बाहेर, समोरच्या गच्चीकडे केलं. तिथे कुणाच्या चादरी वाळत होत्या. तो माझ्या मागे उभा राहिला.

मी बोलत राहिलो. मशीनवाल्याने नव्या कामासाठी बोलावलंय, अजून हो म्हटलेलं नाही, हे सांगितलं. चष्मिशला खरं काय ते सांगितलं आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, हे सांगितलं. त्याच्या पायरीवर जे नीट बोलता आलं नव्हतं तेही बोललो, सगळं, पहिल्यापासून. मागून कात्री चालली होती, तिची लय कुठेही तुटली नाही. मग माझ्या लक्षात आलं, समोर आरसा नाही, आणि तरी मी बोलत राहिलो.

झाल्यावर त्याने मानेवरचे केस मऊ ब्रशने झाडले, कापड गॅलरीबाहेर झटकलं, घडी केली. ही चहा घेऊन आली. तो उभ्यानेच प्यायला आणि कप तिच्या हातात दिला.

माझ्यासमोर येऊन त्याने माझी हनुवटी धरली, कल्ले बरोबर आहेत का ते बघायला डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवलं.

"पुढच्या महिन्यात येतो," म्हणाला.